नटाचं आयुष्य वीस मिनिटांत कसं सांगायचं

आमच्या नागपुरातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर महिन्याला कोणीतरी एका नटावर बोलतं. पुढच्या वेळी तुमची पाळी असेल तर हे वाचून ठेवा. मी रक्तपेढीत टेक्निशियन होते, भाषणाशी माझा काडीचा संबंध नव्हता. पहिल्यांदा अमिताभ बच्चनवर बोलले ती पन्नास मिनिटं, आणि त्यातला निम्मा वेळ लफड्यांच्या ऐकीव गोष्टींवर. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी मधेच विचारलं, "तू होतीस का वं तिथं?"

तेव्हापासून खासगी आयुष्यातलं मी तेवढंच घेते, जे त्या माणसानं स्वतः चारचौघांत सांगितलंय किंवा ज्याची नोंद आहे. वडील कवी हरिवंशराय, मूळ आडनाव श्रीवास्तव, 'बच्चन' हे त्यांचं टोपणनाव. जया भादुरींशी लग्न ३ जून १९७३ ला. यात दोन मिनिटं सहज जातात.

'झुंड' सिनेमा मात्र सुरुवातीलाच उरकून घ्या. त्याचं शूटिंग आपल्या गावात झालं, कथा झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या आपल्या विजय बारसे सरांवरून घेतलेली. मी अमुक ठिकाणी बच्चनला पाहिलं, हे प्रत्येकालाच सांगायचं असतं. आधी सांगू दिलं नाही, तर लोक मधे मधे सांगतात.

राजकारणासाठी वहीत उभी रेघ मारा. डावीकडे वर्ष, उजवीकडे एक ओळ. १९८४: अलाहाबादहून लोकसभा, हेमवतीनंदन बहुगुणांचा जवळपास १ लाख ८७ हजार मतांनी पराभव. १९८७: बोफोर्स तोफांच्या खरेदीतल्या लाचेच्या गदारोळात खासदारकीचा राजीनामा. इथं थांबू नका. २०१२ ची ओळ हवीच: तपास केलेले स्वीडिश पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी बच्चन यांचं नाव यात उगाच गोवलं गेल्याचं सांगितलं. आमच्याकडे सकाळची शाखा आटोपून येणारे आहेत, तसे तीन पिढ्यांचे काँग्रेसवालेही. एक ओळ गाळली की भांडण पेटलंच म्हणून समजा.

आजारपणाला निम्मा वेळ ठेवा. जुलै १९८२ मध्ये बंगळूरला 'कुली'च्या मारामारीच्या दृश्यात आतड्याला इजा झाली. २ ऑगस्टला मुंबईत जवळजवळ गेलेच होते. तो दिवस ते आपला दुसरा जन्म मानतात. त्या वेळी दोनशे दात्यांच्या साठ बाटल्या रक्त चढवलं, आणि त्यातून हिपॅटायटिस बी आला, हे त्यांनीच सांगितलंय. लक्षात आलं ते कितीतरी वर्षांनी. तोवर यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता.

हे सांगताना लोक त्या अनोळखी दात्यावर चिडतात. चिडू देऊ नका. हा विषाणू वर्षानुवर्षं मुकाट अंगात राहतो, त्या बिचाऱ्यालाही माहीत नसणार. आमच्या पेढीत या विषाणूच्या तपासणीला सगळे 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'च म्हणायचे. आता रिपोर्टवर एचबीएसएजी लिहितात. दोन्ही नावं सांगा, कारण ऐकणाऱ्यांच्या घरात जुने रिपोर्टही असतात.

त्यांच्या मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारावर रेंगाळू नका. स्नायू लवकर थकतात, एवढं सांगितलं की पुरे. मणक्याच्या टीबीवर मात्र थांबा. २००० साली झाला, वर्षभर गोळ्या घेतल्या, बरा झाला. 'बरा झाला' हे दोनदा म्हणा.

मागच्या खेपेला भाषण संपल्यावर एक गृहस्थ चप्पल शोधायच्या निमित्तानं माझ्याजवळ आले. जावयाच्या रिपोर्टात हिपॅटायटिस बी निघालाय म्हणाले, त्याचं ताट वेगळं ठेवलंय. मी म्हटलं, भाऊ, हा जेवणातून पसरत नाही, रक्तातून पसरतो. ताट एकत्र करा, रेझर तेवढं वेगळं ठेवा, पोरीची नि नातवंडांची तपासणी करा आणि डॉक्टरांना विचारून लस द्या.

म्हणून बोलून झाल्यावर लगेच तर्री पोह्यांच्या रांगेत जाऊ नका. चपला काढतात तिथं दहा मिनिटं एकट्या उभ्या राहा.