सेन्तोत विसण मागायचं तर

जानेवारीत आमच्या घरातला गीझर बंद पडला आणि दुरुस्तीवाला पाच दिवसांनी येणार असं कळलं. टोकियोतली थंडी आणि नळाला बर्फासारखं पाणी. नवरा म्हणाला, "मागच्या गल्लीत ते उंच धुराडं दिसतं ना, तिथे जाऊ." ते सेन्तो होतं, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर. परक्या बायकांसमोर कपडे काढायचे म्हणून मी दोन दिवस पारोशीच राहिले. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने गेले. त्याला आता सहा वर्षं झाली. गीझर उत्तम चालतो, तरी आठवड्यातून एकदा माझी फेरी असतेच. इकडे नव्याने आलेल्या मैत्रिणी आधी फिदीफिदी हसतात आणि मग हळूच विचारतात, "पण तिथे नक्की काय काय करायचं असतं गं?" त्यांच्यासाठी हे.

पहिलं म्हणजे सकाळी उठून जाऊ नका. बहुतेक सेन्तो दुपारी तीन-चारला उघडतात आणि रात्री अकरा-बारापर्यंत चालतात, कारण इथे आंघोळ दिवसाच्या शेवटी करायची असते. दर सरकारी असतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये टोकियोत मोठ्या माणसाला ५५० येन पडू लागले. १९६८च्या सुमारास देशभरात अठरा हजारांच्या घरात सेन्तो होती. मग घरोघरी न्हाणीघरं झाली, आणि आता दोन हजारसुद्धा उरलेली नाहीत. तुमच्या गल्लीत एखादं असेल तर नशीब समजा.

बरोबर दोन टॉवेल घ्या, एक छोटा आणि एक अंग पुसायचा. साबण-शाम्पू हल्ली बऱ्याच ठिकाणी असतो. सुटी नाणी मात्र हवीतच, कारण केस वाळवायचं यंत्र नाणं टाकल्याशिवाय हूं की चूं करत नाही. आता खास आपल्या बायकांसाठी. निघण्याआधी टिकली काढा. माझी एकदा पिवळ्या बादलीच्या बुडाला चिकटून राहिली होती, आणि एक आजी ती किडा समजून बराच वेळ झटकत होत्या. केसांना तेल लावून जाऊ नका. हातभर मेंदी असेल तर आधी गल्ल्यावर दाखवून विचारा, गोंदण वाटू शकतं. गल्लीतल्या सेन्तोत गोंदण बहुधा चालतं, पण सांगितलेलं बरं. पाळी चालू असताना जायचं नाही.

दारातच चपला काढून छोट्या कप्प्यात ठेवायच्या आणि त्याची लाकडी पट्टी उपसून घ्यायची. हीच किल्ली. पुढे दोन पडदे लटकत असतात. सहसा लाल पडदा बायकांचा आणि निळा पुरुषांचा, पण रंगावर विसंबू नका, अक्षर ओळखा. बायकांचं अक्षर मांडी घालून बसलेल्या बाईसारखं दिसतं. पुरुषांच्या अक्षरात वर खिडकीसारखा चौकोन असतो.

कपडे सगळे काढायचे. हो, सगळे. पहिले दोन मिनिटं जीव जातो, मग लक्षात येतं की तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाहीये.

आत गेल्यावर आधी स्वच्छ आंघोळ आणि मगच हौद. हौद अंग शेकायला असतो, मळ काढायला नाही. ठेंगणं स्टूल आणि प्लास्टिकची पिवळी बादली घ्या आणि नळासमोर बसा. बादलीच्या तळाशी 'केरोरिन' असं लिहिलेलं असतं. डोकेदुखीच्या औषधाची ही जाहिरात १९६३पासून बादल्यांवर चालू आहे. ओसाकाकडे हीच बादली आकाराने लहान असते, कारण तिकडचे लोक थेट हौदातलं पाणी घेऊन अंगावर ओततात. उभं राहून भसाभसा पाणी ओतू नका, शेजारणीच्या तोंडावर उडतं. साबण पुरता गेला पाहिजे. उठताना स्टूल विसळून ठेवा.

समोरच्या भिंतीवर बहुधा फुजी पर्वत असतो. ही पद्धत १९१२ साली टोकियोच्या कान्दा भागातल्या एका सेन्तोत सुरू झाली. (कान्दा. आपला कांदा नव्हे.)

आता हौद. केस वर बांधा. छोटा टॉवेल घडी करून डोक्यावर ठेवा, पाण्यात अजिबात बुडवायचा नाही. पाणी ४२ अंशांच्या पुढे असतं, आमच्या जुन्या वस्तीत तर ४४सुद्धा. मी पहिल्यांदा पाय घातला आणि "आई गं!" म्हणून बाहेर काढला. कडेला गार पाण्याचा नळ दिसला, तो सरळ सोडला. पलीकडे गळ्यापर्यंत बुडालेल्या दोन आजींनी डोळे उघडले. बोलल्या काहीच नाहीत. एकीने हात लांब करून नळ बंद केला आणि परत डोळे मिटले.

चूक नळ सोडण्यात नव्हती, न विचारण्यात होती. तो हौद त्यांचाही होता. विचारायचं असं: "उमेतेमो ई देस् का?" उमेरू म्हणजे कढत पाण्यात गार घालून ते सोसवेल असं करणं. शब्दकोशात हा अर्थ वाचला आणि मी हसलेच. अहो, हे तर विसण! बंबातलं पाणी घंगाळात काढल्यावर आजी ओरडायची, "थांब, विसण घातलं नाही अजून." परदेशातल्या माणसांना हे क्रियापद समजावताना चार वाक्यं लागतात, मला एक शब्द पुरला. पुढच्या खेपेला विचारलं, तर त्याच आजी म्हणाल्या, "दोझो, दोझो," म्हणजे खुशाल घाल, आणि स्वतः नळाकडे सरकल्या. एक मात्र करा, नळ मिनिटभरातच बंद करा आणि आपण त्या नळाजवळच बसा.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे. चक्कर वाटली तर बाहेर येऊन बसा.

डिसेंबरात वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी गेलात तर हौदात युझू नावाची पिवळी लिंबं तरंगत असतात. त्या वाफेत मला दरवर्षी दिवाळीची पहिली आंघोळ आठवते. उटण्याच्या वासाशी त्याचं काही साम्य नाही, तरी आठवतेच.

पुरुषांच्या आणि बायकांच्या मधली भिंत छताला टेकत नाही. मी वर तोंड करून ओरडते, "झालं का रे?" पलीकडून उत्तर येतं, "दहा मिनिटं!" इतक्या बायकांत ते मराठी कुणाला कळत नाही, पण अर्थ सगळ्यांना कळतो.

कपड्यांच्या खोलीत जाण्याआधी छोटा टॉवेल पिळून अंग पुसा, फरशी ओली करू नका. मग फ्रीजमधलं कॉफी-मिल्क घ्या. आणि निघताना, ओळख असो नसो, आत उरलेल्यांना "ओयासुमिनासाई", म्हणजे शुभ रात्री, म्हणा. वाफेतून पाच-सहा आवाज एकदम परत येतात.