टर्मिनल ‘खरंच पुसू का?’ असं विचारत नाही: फायली हाताळताना या चुका टाळा

नागपूरच्या इतवारीतल्या एका छापखान्याचे दोन जुने संगणक माझ्याकडे बघायला असतात. २ जीबी रॅममध्ये विंडोजचा जीव जात होता, म्हणून त्यांवर लिनक्स टाकलं. फायलींची ठेवरेव तिथे टर्मिनलमधूनच, म्हणजे माउसऐवजी कमांड टाइप करूनच होते. लग्नसराईत एका दुपारी तिथल्या पोराचा फोन आला, "भाऊ, पत्रिका दिसूनच नाही राहिल्या. मी तर फक्त हलवल्या!"

हलवल्या होत्या खऱ्या. सगळ्या पत्रिका ‘एप्रिल’ नावाच्या फोल्डरमध्ये जायच्या होत्या. त्यानं एमव्ही (mv, फाइल हलवायची कमांड) लिहिलं, पुढे फाइलचं नाव, मग एप्रिल. पुढच्या पत्रिकेला वरचा बाण दाबायचा, नाव बदलायचं, एंटर. असं ४१ वेळा. पण तो ज्या जागी उभा होता तिथे एप्रिल फोल्डर नव्हतंच. ते त्यानं आदल्या दिवशी भलतीकडेच बनवलं होतं. अशा वेळी एमव्ही कुरकुर करत नाही, त्याला वाटतं तुम्हाला फाइलचं नाव बदलायचंय. पहिल्या पत्रिकेचं नाव ‘एप्रिल’ झालं, दुसरी तिच्या जागी बसली, तिसरी दुसरीच्या. शेवटी ‘एप्रिल’ नावाची एकच फाइल उरली आणि आत ४१ वी पत्रिका. गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ पाठवले होते म्हणून निभावलं.

उपाय एका खुणेचा आहे. फोल्डरच्या नावामागे तिरकी रेघ द्या: ‘एप्रिल/’. फोल्डर नसेल तर एमव्ही चूक दाखवून जागच्या जागी थांबतं. जोडीला -आय हा पर्याय लावला, तर आधीच्या फाइलवर दुसरी बसवण्याआधी ते विचारतं. नक्कल करणाऱ्या सीपीलाही (cp) दोन्ही गोष्टी लावा. आणि हात चालवण्याआधी पीडब्ल्यूडी (pwd) मारून आपण कुठे उभे आहोत ते बघा. नाव वाचून बांधकाम खातं आठवेल, पण ही कमांड उत्तर ताबडतोब देते.

फायली पुसणाऱ्या आरएमचं (rm) दुखणं वेगळं. त्याला कचरापेटी ठाऊकच नाही. सगळ्यात घातक चूक एका मोकळ्या जागेची आहे: नाव ‘.बॅक’नं संपणाऱ्या फायली पुसायला तारा (*, म्हणजे ‘कुठलंही नाव’) आणि ‘.बॅक’ जोडून लिहायचं, तर मध्ये स्पेस पडते. मग एकटा तारा समोरची प्रत्येक फाइल उडवतो आणि वर ‘.बॅक नावाची फाइल सापडली नाही’ असंही ऐकवतो. म्हणून तारा वापरायचा तर आधी तोच तारा यादी दाखवणाऱ्या एलएसला (ls) द्या. जी यादी दिसेल तीच मरणार. पटली तर वरचा बाण दाबून एलएसच्या जागी आरएम लिहा.

आरएमला कायमचं -आय चिकटवून ठेवा, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. प्रत्येक फाइलला ‘वाय’ दाबून बोट इतकं सरावतं की प्रश्न वाचलाच जात नाही. त्यापेक्षा कॅपिटल आय बरा, तीनपेक्षा जास्त फायली असतील किंवा अख्खं फोल्डर जाणार असेल तर एकदाच विचारतो. घरच्या मशीनवर तर मी आरएमऐवजी ‘जीआयओ ट्रॅश’ ही कमांड वापरतो, फाइल कचरापेटीत जाते आणि परत काढता येते.

उडालंच, तर त्या डिस्कवर काही लिहू नका. फोटोरेकसारखं साधन दुसऱ्या डिस्कवरून चालवलं तर काही फायली मिळतात, पण त्यांची नावं गेलेली असतात. एसएसडीवर ट्रिम (पुसलेल्या जागेची आपोआप साफसफाई) होऊन गेलं असेल तर आशा जवळजवळ नाहीच.

कमांडची धास्ती वाटणाऱ्यांना मी मिडनाइट कमांडर देतो. १९९४ पासूनचं हे फायली हाताळायचं साधन आहे, दोन निळे पडदे शेजारी शेजारी, टॅबनं इकडून तिकडे. एफ५ नक्कल, एफ६ हलवणं, एफ८ पुसणं. इथली नेहमीची चूक म्हणजे वर कुठेतरी इन्सर्ट दाबून खुणावलेल्या पिवळ्या फायली विसरणं. खुणा असतील तर एफ८ त्यांच्यावर चालतं, तुमची पट्टी ज्या फाइलवर आहे तिच्यावर नाही. पुसण्याआधी उघडणाऱ्या खिडकीत किती फायलींचा आकडा दिसतोय तो वाचा. काही टर्मिनलमध्ये एफ१० दाबल्यावर बाहेर पडण्याऐवजी वरचा मेन्यू उघडतो. तिथे एस्केप आणि मग शून्य.

मराठी नावांची एक गोम छापखान्यातच कळली. पेनड्राइव्हवर बरी असलेली लांबलचक नावाची पत्रिका लिनक्समध्ये उतरेना, ‘फाइल नेम टू लाँग’. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजून. ‘नागपूर’ एवढ्याचेच १८ झाले. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. वधू-वर, दोन्हीकडचे आईवडील आणि कार्यालयाचा पत्ता फाइलच्या नावात कोंबू नका. नावात स्पेस असेल तर चार अक्षरं टाकून टॅब दाबा, बाकीचं टर्मिनल स्वतः नीट लिहितं.

स्क्रीन गोठली, काही उमटत नाही? बहुधा सेव्ह करायच्या सवयीनं कंट्रोल-एस दाबलं गेलंय. कंट्रोल-क्यू दाबा. मजकूर दाखवणाऱ्या कॅट (cat) कमांडनं चुकून फोटो उघडला आणि अक्षरांचा चिवडा झाला, तर आंधळेपणानं ‘रीसेट’ टाइप करून एंटर मारा.

आणि पेनड्राइव्ह. सीपी संपून प्रॉम्प्ट (पुढची कमांड लिहायची खूण) आला म्हणजे माल पोहोचला असं नाही, बराचसा अजून रॅममध्ये असतो. यूमाउंट (umount, पेनड्राइव्ह सोडवायची कमांड) करा आणि ते संपेपर्यंत थांबा. ‘टार्गेट इज बिझी’ म्हणत असेल तर पुष्कळदा अडवणारे आपणच असतो: टर्मिनल अजून त्या पेनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच उभं असतं. नुसतं सीडी (cd, फोल्डर बदलायची कमांड) मारा, घरच्या फोल्डरमध्ये या, आणि पुन्हा यूमाउंट करा.