वाटेच्या कडेला फुलांची बॉर्डर: आधी चालून बघा, मग खणा

वाटेच्या कडेला फुलं लावायचं मनात आलं की पहिली धाव रोपं आणायलाच असते, मग दहा प्रकारची एकेक रोपं घरी येतात आणि जागा दिसेल तिथे लावली जातात. मीही पहिल्या वेळी हेच केलं. फुलं आली, नाही असं नाही, पण बॉर्डर काही दिसेना, नुसती वेगवेगळी झाडं एका ओळीत उभी. नंतर कळलं की वाटेची बॉर्डर आपण समोर उभं राहून फारशी बघतच नाही, तिच्या बाजूने चालत जातो, तिरकं बघतो, आणि चालताना एकेकटं झाड नजरेत थांबत नाही, रंगाचा पुंजका थांबतो. म्हणून सगळं प्लॅनिंग चालणाऱ्याच्या नजरेने करायचं.

तर आधी एक पूर्ण दिवस नुसतं बघण्यात घालवा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ऊन कुठपर्यंत येतं ते बघा, काड्या रोवून खुणा करा. सहा तास तरी ऊन मिळतंय तिथे झेंडू, झिनिया, कॉसमॉस, सदाफुली बिनधास्त लावा. झाडाखाली किंवा भिंतीच्या सावलीत हीच रोपं लांबुडकी होतात आणि फुलं कमी देतात, तिथे अबोली किंवा इम्पेशन्स बरं. पाण्याचंही बघून घ्या, एक फूट खोल खड्डा करून पाणी भरा, ते जिरलं की परत भरा, दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल तर तिथे वाफा उंच करावा लागेल, नाहीतर मुळं कुजतात.

मग रुंदी. दोन माणसं शेजारी शेजारी चालायची तर वाट चार फूट तरी मोकळी हवी, आणि त्यातली एक इंचही फुलांना द्यायची नाही. बॉर्डर अडीच ते तीन फूट रुंद असली की दोन-तीन थर नीट बसतात, त्याहून रुंद केली तर मागच्या झाडांपर्यंत हात पोचत नाही आणि खुरपताना पुढची तुडवली जातात. मागे भिंत असेल तर भिंतीलगत फूटभर जागा सोडा, हवा खेळते आणि मागून फिरताही येतं. कड वळणदार हवी असेल तर पाण्याचा पाइप जमिनीवर टाकून आकार ठरवा, दोन्ही टोकांकडून चालून बघा, पटला की राखेने किंवा चुन्याने रेघ मारा. वळणं मात्र लांब आणि सैल ठेवा, छोटी छोटी नागमोडी वळणं चालताना उगाच गिचमिड वाटतात.

आता खरी गंमत, म्हणजे रचना. तीन किंवा चार प्रकार पुरे, खरंच पुरे. प्रत्येक प्रकाराची पाच-सात रोपं एकत्र लावा आणि तोच पुंजका थोड्या अंतराने परत आणा. वाटेच्या सुरुवातीला पिवळा झेंडू दिसला, मध्ये परत दिसला, शेवटी परत दिसला की नजर आपोआप पुढे जाते. पुंजके चौकोनी न करता लांबट आणि तिरके ठेवा, एकाची शेपटी दुसऱ्याच्या मागे जाईल असे, म्हणजे एकाचा बहर ओसरला तरी चालणाऱ्याला भोक दिसत नाही. उंची साधारण अशी, पुढे वीतभर (ऑफिस टाइम, ॲलिसम, बुटका झेंडू), मध्ये गुडघ्यापर्यंत (सदाफुली, साल्विया, तेरडा), मागे कंबरेपर्यंत (कॉसमॉस, उंच झिनिया). पण अगदी जिन्यासारखं आखीव नको, मधला एखादा पुंजका पुढे येऊ द्या. संध्याकाळी वाट वापरात असेल तर पांढरी फुलं नक्की ठेवा, कमी उजेडात तीच दिसतात, आणि गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते, निशिगंधाचा वास रात्री येतो. ऑफिस टाइम उलटं, ऊन नसेल तर फुलं मिटूनच राहतात. काटेरी झाडं वाटेला लागून नको, आणि कण्हेर सुंदर असली तरी सगळीच विषारी, लहान मुलं किंवा जनावरं फिरत असतील तर टाळा.

रोपांची संख्या काढायला सोपा हिशोब, वीस फूट लांब आणि अडीच फूट रुंद म्हणजे पन्नास चौरस फूट, एकेक फुटावर एक धरलं तर पन्नास रोपं. बुटक्या झेंडूला आठ-दहा इंच, झिनियाला फूटभर, उंच झेंडूला दीड फूट. वाटेच्या कडेपासून अंतर किती? झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं पसरणार त्याच्या निम्मं. फूटभर पसरणारं झाड कडेपासून सहा इंच आत. लावताना वाफा रिकामा रिकामा दिसतो आणि हात शिवशिवतो, पण थांबा, दाटी केली की खालची पानं ओलीच राहतात, बुरशी धरते, आणि पाऊस पडला की वाटेवर झुकलेल्या पानांनी येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे भिजतात.

माती फूटभर खणा, तणांची मुळं हाताने वेचा, वरून दोन-तीन इंच चांगलं कुजलेलं खत मिसळा. कॉसमॉसच्या जागी खत हात राखून घाला, फार सुपीक मातीत तो नुसता पाल्यावर जातो. पाणी साचतं म्हणून उंच केलेला वाफा सोडला तर माती शेवटी वाटेपेक्षा इंच-दीड इंच खाली राहील असं बघा, नाहीतर दर पाण्याला चिखल वाटेवर येतो.

रोपं संध्याकाळी लावा. आधी सगळी पिशव्यांसकट जागेवर मांडा, परत एकदा वाट चालून बघा, हलवाहलव करायची ती आत्ताच. पिशवीत होतं त्याच खोलीवर लावा, हलक्या हाताने दाबा, लगेच भरपूर पाणी. झिनियाला मुळं हललेली आवडत नाहीत, त्याचं बी जागेवरच टाकलेलं बरं. वरून दोन इंच पालापाचोळा, पण खोडाला चिकटवू नका. झेंडू, झिनिया वीतभर झाले की शेंडा खुडा, जीव हळहळतो पण फांद्या फुटतात आणि फुलं जास्त येतात. सुकलेली फुलं काढत राहा, बी धरलं की फुलणं मंदावतं.

आणि बहर भरात असताना वाटेच्या दोन्ही टोकांवरून फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी कुठला पुंजका वाढवायचा, कुठला हलवायचा, ते त्यात लगेच दिसतं.