क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडताना या चुका टाळा

दिवाळीला नागपुरात इतवारीत दागिना आणि सीताबर्डीवर कपडे कार्डावर घेतले, की पुढच्या बिलावर एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम असे दोन आकडे येतात, आणि पगाराला आधीच वाटा फुटलेल्या असल्यास धाकटा आकडा भरण्याचा मोह होतो. सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. समजा, ५०,००० रुपये थकले आहेत, व्याज दरमहा ३.५ टक्के आहे आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे २,५०० रुपये आहे. महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये होतो. म्हणजे २,५०० रुपये भरूनही मुद्दल जेमतेम ४३५ रुपयांनी घटते.

शिवाय मागील बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, आणि किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. म्हणून बाकी फिटेपर्यंत ते कार्ड वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिल भरण्यासाठी दुसऱ्या कार्डावर एटीएममधून रोख काढू नये, कारण तिथे शुल्कही लागते आणि व्याजही पहिल्या दिवसापासून चढते. त्यापेक्षा बँकेकडून थकबाकीचे हप्ते करून घ्यावेत किंवा कमी दराचे सोनेतारण कर्ज काढून ती एकदम फेडावी. मात्र प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी धरून हिशेब आधी कागदावर मांडावा. कार्डे अनेक असतील, तर सर्वांची किमान रक्कम भरून उरलेला पैसा सर्वाधिक व्याजाच्या कार्डाकडे वळवावा.

वसुलीच्या फोनांना कंटाळून बँकेशी कमी रकमेवर घाईने तडजोड करणाऱ्यांची मला विशेष काळजी वाटते, कारण सिबिल अहवालातील, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासातील, ‘सेटल्ड’ (पूर्ण रक्कम न फेडता मिटवलेले) ही नोंद पुढे गृहकर्ज मागताना आडवी येते. सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तसेच तिच्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला, तरच विलंब शुल्क लावता येते. याविरुद्ध वागणूक मिळाल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन आणि विनाशुल्क दाद मागता येते. त्यासाठी नागपुरातील कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत.