आपल्या लेआउटमधून पावसाचे किती पाणी वाहून जाते? मोजण्याची एक रीत

नागपुरात वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पण नाल्याला पूर येणार की विहिरीला पाणी लागणार, हे या वार्षिक आकड्यावरून कळत नाही. पाऊस तासाला किती मिलिमीटर या वेगाने पडला आणि कोणत्या पृष्ठभागावर पडला, या दोन गोष्टींवर ते ठरते. दोन्ही गोष्टी सामान्य नागरिकाला घरच्या घरी मोजता येतात आणि त्या मोजल्या गेल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात पावसापासून करावी. सपाट बुडाचे, सरळ भिंतींचे भांडे मोकळ्या जागी ठेवावे. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जितकी उंची असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतर राखावे. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला पाणी मोजावे, पण तेवढ्यावर थांबू नये. जोराचा पाऊस सुरू झाला की दर पंधरा मिनिटांनी पातळी टिपावी. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला की हवामान खाते त्याला ‘मुसळधार’ म्हणते. हाच पाऊस झड लागून दिवसभर पडला तर बराचसा जमिनीत मुरतो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटेपर्यंतच्या काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तेव्हा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. हंगामाच्या शेवटी पडलेल्या अशा पावसाला भिजलेल्या मातीत आणि भरलेल्या तलावात जागा उरलेली नसते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थोड्या वेळात कोसळणारा पाऊस पुढे अधिक जोराचा होणार, हे धरूनच हिशेब करावा.

आता जमीन. नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट खडक आणि त्यावर कुठे बरड म्हणजे उथळ, खडकाळ जमीन, तर कुठे खोल काळी माती आहे. काळी माती मे महिन्यात भेगाळलेली असते आणि पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. हा फरक स्वतः पाहण्यासाठी सहा इंची पाइपचा फूटभर तुकडा जमिनीत दहा सेंटिमीटर ठोकावा, त्यात पाणी भरावे आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजावे. हा प्रयोग एकदा उन्हाळ्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये त्याच जागी करावा.

त्यानंतर आपल्या भूखंडाचे तुकडे पाडून पृष्ठभाग मोजावेत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे सूत्र पुरते. ३० बाय ५० फुटांचा भूखंड सुमारे १३९ चौरस मीटरचा असतो. त्यात स्लॅब ९०, फरशी ४० आणि उघडी माती ९ चौरस मीटर आहे असे समजू. स्लॅबवरचे सुमारे ९० टक्के, फरशीवरचे ८५ टक्के आणि मातीवरचे ३० टक्के पाणी वाहून जाते असे धरले, तर तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस पडल्यावर या घरातून सुमारे ७,००० लिटर पाणी रस्त्यावर येते. तिथे पूर्वी शेत होते तेव्हा, त्याच ३० टक्क्यांच्या हिशेबाने, ते २,५०० लिटर होते. (माती पूर्ण भिजलेली असेल तर शेतातूनही याहून बरेच जास्त पाणी वाहते, म्हणूनच ऑगस्टमधले माप महत्त्वाचे.)

संपूर्ण लेआउटसाठी, म्हणजे भूखंड पाडून वसवलेल्या सगळ्या वस्तीसाठी, अभियंते वापरतात ते सूत्र सोपे आहे: वाहून जाणारा वाटा गुणिले ताशी मिलिमीटर पाऊस गुणिले हेक्टर, भागिले ३६०. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येते. चार हेक्टरचा लेआउट, वाटा ०.८ आणि पाऊस ताशी ६० मिलिमीटर, तर सेकंदाला ५३३ लिटर. शेत असताना २०० लिटर. दीड मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहणारी दोन फूट रुंद, दोन फूट खोल नाली काठोकाठ भरली तरी साधारण ५५० लिटरच नेते, म्हणजे चढाच्या बाजूच्या आणखी एखाद्या लेआउटचे पाणी तिला मिळाले की ती फुटणारच. प्रत्यक्ष वेग पाहायचा असल्यास साध्या पावसात, काठापासून दूर उभे राहून, थर्माकोलचा तुकडा दहा मीटर जायला किती सेकंद घेतो ते मोजावे आणि आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणावे. पुराच्या वेळी हे मुळीच करू नये.

जुने चित्र हवे असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचा ५५ ओ/४ क्रमांकाचा नकाशा मिळवावा आणि त्यावरचे ओढे आजच्या उपग्रह छायाचित्रावर शोधावेत. जिथे ओढा तुटलेला दिसतो, तिथेच बहुधा पावसाळ्यात पाणी तुंबते.

आकडे हाती आले की उपायही नीट ठरवता येतात. वरच्या घराच्या स्लॅबवरून तासाला ४,८६० लिटर पाणी उतरते. दीड बाय दीड मीटर रुंदीचा, दोन मीटर खोल शोषखड्डा दगडगोट्यांनी भरला की त्यात फक्त १,८०० लिटरच्या आसपास जागा उरते आणि तो काळ्या मातीतच संपला तर तेवढेही पाणी मुरत नाही. म्हणून खड्डा मुरमापर्यंत न्यावा, पायापासून दूर घ्यावा आणि आवारात जुनी विहीर असेल तर छताचे पाणी गाळणीतून आधी तिच्यात सोडावे.