शाळेसाठी ग्रंथपेटी : सार्वजनिक वाचनालय आणि शाळा यांनी मिळून काम कसे करावे

गावातील शाळा आणि गावातील वाचनालय यांच्यात अनेकदा चार गल्ल्यांचेही अंतर नसते. तरीही शाळेतली बहुतेक मुले वाचनालयाची पायरी चढलेली नसतात. याचे एक साधे कारण वेळापत्रकात आहे. पुष्कळ ठिकाणी वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडे असते आणि शाळा नेमकी मधल्या वेळेत भरते. दुसरे कारण वर्गणीचे आणि अनामत रकमेचे आहे. म्हणून मुलांनी वाचनालयात यावे अशी वाट पाहत बसण्यापेक्षा पुस्तकांनीच आधी शाळेत जावे, हा मार्ग मला अधिक खात्रीचा वाटतो. ही कल्पना नवी नाही. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिच्यात लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणारी ग्रंथालये होती. आपल्याकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने पेटीचीच पद्धत वापरली आहे.

पेटी भरण्यापूर्वी मात्र एक प्रश्न सोडवून घ्यावा लागतो आणि तो सुटला नाही तर पुढचे सारे कष्ट वाया जातात : पुस्तक हरवले किंवा फाटले तर काय करायचे? आमच्या वाचनालयाने पहिल्यांदा एका शाळेला पेटी दिली, तेव्हा तीन महिन्यांनी ती जशी गेली तशीच परत आली. पुस्तके काढून पाहिली, तर पुस्तक दिल्या-घेतल्याची तारीख टाकण्यासाठी आत चिकटवलेल्या एकाही तारीखचिठ्ठीवर नोंद नव्हती आणि काही पुस्तकांची पाने अजून एकमेकांना चिकटलेलीच होती. बाईंनी पेटी कपाटात कुलूप लावून ठेवली होती. दोष त्यांचा नव्हता. पेटीसोबतच्या पत्रात ‘गहाळ पुस्तकाची किंमत वसूल केली जाईल’ असे आम्हीच लिहिले होते आणि ती किंमत आपल्या पगारातून जाईल, ही त्यांची भीती अगदी रास्त होती. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र ग्रंथ हे उपयोगासाठी असतात असे सांगते, आणि आमच्या त्या एका ओळीने त्यालाच कुलूप घातले होते.

त्यामुळे सुरुवात एका पानाच्या लेखी कराराने करावी. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने आणि शाळा व्यवस्थापन समितीने तो आपापल्या बैठकीत ठराव करून मान्य करावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणून तेथे मान्य झालेली गोष्ट घरोघरी आपोआप पोहोचते. पेटीची जबाबदारी शाळेत कोणत्या शिक्षकांकडे आणि वाचनालयात कोणाकडे आहे, पेटी किती दिवसांनी बदलायची आणि ती न्यायची-आणायची कोणी, एवढे त्यात असावे. त्याखाली स्पष्ट शब्दांत लिहावे की वापरात खराब झालेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकाची भरपाई शिक्षक, मूल वा पालक यांच्याकडून मागितली जाणार नाही. शासनमान्य वाचनालयाला अशी पुस्तके दाखल नोंदवहीतून, म्हणजे वाचनालयात आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिथे नोंदतात त्या वहीतून, कमी करताना प्रचलित नियम पाळावे लागतात. ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आधीच विचारून घ्यावेत, म्हणजे तपासणीच्या वेळी ग्रंथपालांना अडचण येत नाही.

पस्तीस मुलांच्या वर्गाला पस्तीस पुस्तके देऊ नयेत. शेवटी येणाऱ्या मुलाच्या वाट्याला एकच पुस्तक उरते आणि ते त्याने निवडलेले नसते. अशा वर्गासाठी साधारण पन्नास पुस्तके असावीत. त्यांत निम्मी तरी पातळ, मोठ्या टाइपाची आणि चित्रांची असावीत. सातवीच्या वर्गासाठीसुद्धा, कारण अडखळत वाचणारे मूल प्रत्येक वर्गात असते आणि सर्वांसमोर ‘लहानांचे पुस्तक’ मागण्याची लाज त्याला वाटते. प्राणी, यंत्रे, खेळ, प्रयोग यांवरची पुस्तके आवर्जून घालावीत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे सुटे अंक फार हातोहात जातात. केवळ बोधपर पुस्तकांनी पेटी भरण्याचा मोह टाळावा.

नोंदीचे काम जितके कमी, तितकी पेटी जास्त उघडली जाते. दाखल क्रमांकासह यादीच्या दोन प्रती कराव्यात, एक पेटीत आणि एक वाचनालयात. पेटीत एक वही ठेवावी, तिच्यात प्रत्येक मुलाला एक पान द्यावे आणि देवघेव मुलांनीच करावी. पाचवीची दोन मुले आठवड्याच्या पाळीने हे काम नीट सांभाळतात, असा आमचा अनुभव आहे. देवघेवीचा वार आणि तास ठरलेला असावा आणि पुस्तक घरी न्यायची मुभा असावीच, कारण घरी गेलेले पुस्तक धाकटी भावंडे आणि आजीही पाहतात.

पावसाळ्यात एखादे पुस्तक दप्तरात भिजणारच. ते उन्हात टाकू नये, पाने वाकडी होतात. थोड्या थोड्या पानांनंतर कोरा कागद घालावा, तो ओला झाला की बदलावा, आणि पुस्तक पंख्याखाली उभे करून ठेवावे. वाळल्यावर दोन दिवस वजनाखाली दाबावे. हे मुलांसमोर करून दाखवले, तर पुढचे भिजलेले पुस्तक ती लपवत नाहीत, स्वतःच घेऊन येतात.

पेटी रुळली की मुलांना वाचनालयात आणावे. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा शनिवारी सकाळी भरतात, त्यामुळे महिन्यातून एका शनिवारी वाचनालयाने दुपारी तासभर दार उघडले तरी पुरते. भाषण नको. कपाटे उघडी ठेवावीत, मुलांना पुस्तके हाताळू द्यावीत, आणि पुढच्या पेटीत काय हवे ते त्यांनीच चिठ्ठीवर लिहावे. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन अशा भेटीसाठी चांगला आहे, पण ती वर्षातली एकमेव भेट होऊ नये.

वाचणाऱ्या मुलांची सर्वांत जास्त गळती मे महिन्याच्या सुटीत होते, कारण शाळा बंद असते आणि पेटीही. म्हणून बालविभागाची विनाअनामत ओळखपत्रे एप्रिलमध्येच वर्गात बसून भरून घ्यावीत, ती मुलांच्या हाती द्यावीत, आणि वाचनालयाची संध्याकाळची वेळ प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या मागे लिहून द्यावी.