ग्रीग शिकायचाय? मग ६६ छोट्या तुकड्यांपासून सुरुवात करा

नोकरी-संसार सांभाळून पियानो वाजवणाऱ्यांना मी एकच सांगते: रचना धरू नका, रचनाकार धरा. ऐकताना वेड लावणारी एखादी मोठी रचना उचलायची, पहिलं पान हौसेने बसवायचं आणि तिसऱ्या पानावर घोडं अडलं की वही मिटून टाकायची, हे आपल्या हौशी लोकांत सर्रास चालतं. त्यापेक्षा एकाच माणसाच्या छोट्या रचनांचा अख्खा संग्रह हाताशी ठेवा. त्यातलं थोडं नीट बसवा, बरंचसं अडखळत का होईना वाचून वाजवा, उरलेलं ऐका. हळूहळू त्या माणसाची बोलण्याची ढब कळायला लागते आणि नवं पान उघडलं तरी ते परकं वाटत नाही.

यासाठी शोपँच्या माझुर्का (पोलिश नृत्यावरच्या छोट्या रचना) चालतील, मेंडेल्सनची ४८ ‘शब्दांविना गाणी’ चालतील, शूमनचा १८४८चा मुलांसाठीचा अल्बमही चालेल. माझं मत मात्र एडवर्ड ग्रीगला. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये १८४३ साली जन्मलेला आणि १९०७ साली तिथेच वारलेला हा माणूस. त्याचे ‘लिरिक पीसेस’ म्हणजे दहा वह्या, एकूण ६६ तुकडे. पहिली वही १८६७ची, शेवटची १९०१ची. म्हणजे चोविशीतल्या नवविवाहित तरुणापासून अठ्ठावन्न वर्षांच्या थकलेल्या माणसापर्यंत सगळा प्रवास यात आहे. काही तुकडे पहिल्या दोन-तीन वर्षांच्या शिक्षणावर जमतात, काही मोठे वादक मैफलीत वाजवतात. एकाच संग्रहात एवढी उतरंड सहसा मिळत नाही.

स्वरलिपी मिळवणं सोपं आहे. ग्रीगच्या रचनांवरचा हक्क केव्हाच संपलाय, त्यामुळे लायपझिगच्या पेटर्स प्रकाशनाच्या जुन्या आवृत्त्या आयएमएसएलपी या स्वरलिप्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पण रोजच्या वापराला बांधलेलं पुस्तकच घ्या, ६६च्या ६६ एका खंडात असलेलं. सुटे कागद स्टँडवरून घसरतात हे एक कारण. खरं कारण असं की पुस्तक चाळताना तुम्ही न मागितलेला तुकडा समोर येतो. शोधताना नावावर विसंबू नका, ओपस (म्हणजे वहीचा रचना-क्रमांक) आणि वहीतला तुकड्याचा क्रमांक लक्षात ठेवा. ‘हालिंग’ नावाचे तीन तुकडे आहेत (ओपस ३८, ४७ आणि ७१ मध्ये), ‘एलेजी’ दोन, आणि जर्मन, इंग्रजी, नॉर्वेजियन नावं छापताना प्रत्येक आवृत्ती आपापलं चालवते.

आता ऐकणं. सगळे ६६ मिळून सुमारे तीन तासांचा ऐवज आहे, पण एका बैठकीत ऐकू नका. गोड पदार्थांचं ताट समोर आल्यासारखं होतं, पाचव्या घासाला चव कळेनाशी होते. एका वेळी एक वही, पुस्तक मांडीवर आणि हातात पेन्सिल. आवडलं की कोपऱ्यात टिंब, नाही आवडलं तरी काही खोडायचं नाही. मला ओपस ४७ पहिल्यांदा कोरडी वाटली होती, आज तिथे टिंबांची गर्दी आहे.

कोणाचं ऐकायचं? तीन जण पुरेत. एमिल गिलेल्सने १९७४ साली निवडक वीस तुकडे ध्वनिमुद्रित केले. तो इतका मोठा वादक आणि एवढ्याशा तुकड्यात एक स्वरही जास्त जोरात नाही. आवाज किती खाली ठेवता येतो हे त्याच्याकडून शिकावं. लाइफ ओवे आन्सनेस या नॉर्वेजियन वादकाने ट्रोल्डहाउगेनला, म्हणजे ग्रीगच्या घरी, ग्रीगच्याच १८९२च्या स्टाइनवेवर यातले बरेच वाजवलेत. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मिळालेला पियानो आहे तो. आणि तिसरा खुद्द ग्रीग. १९०३ साली पॅरिसमध्ये त्याने काही तबकड्या भरल्या. ‘फुलपाखरू’, ‘वसंतास’ आणि ‘ट्रोल्डहाउगेनचा लग्नाचा दिवस’ त्यांत आहेत. खरखर भरपूर आहे, पण त्या खरखरीतून चपळ, थोडंसं अधीर वादन ऐकू येतं. ग्रीग म्हणजे गोडगुळगुळीत, डोळे मिटून वाजवायचं संगीत, असा जो समज पसरलाय त्याला एवढं औषध पुरतं.

ऐकून झालं की वाचायला बसा. बसवायला नव्हे, वाचायला. रोज सरावाच्या शेवटी दहा मिनिटं पुस्तक कुठेही उघडायचं आणि निम्म्या लयीत, चुकलं तरी न थांबता शेवटपर्यंत जायचं. डावा हात झेपला नाही तर नुसता खालचा स्वर. माझी मुलगी म्हणते, “आई, हे ऐकवत नाही गं,” म्हणून हे काम मी हेडफोन लावून करते. डिजिटल पियानोचा हा एक खरा फायदा.

बसवायला पहिला तुकडा कोणता? बिनधास्त ओपस १२, क्रमांक १, ‘अरिएत्ता’. एकच पान, २३ बार, ई-फ्लॅट मेजर, दोन मात्रांचा संथ चालीचा तुकडा. दिसायला किरकोळ आहे, पण पियानोवरची सर्वांत अवघड गोष्ट त्यात आहे: दोन हातांत तीन आवाज. वर गाणं, खाली खर्ज, आणि मध्ये सोळाव्या भागाच्या स्वरांची झुळझुळ, जी डाव्या हातातून उजव्या हाताच्या अंगठ्याकडच्या बोटांत सरकते. उजव्या हाताची करंगळी गातेय आणि अंगठा त्याच वेळी कुजबुजतोय, असा मामला.

मी हा तुकडा असा शिकवते. आधी मधला थर पूर्ण गाळायचा; वरचं गाणं आणि खालचा खर्ज एवढंच वाजवायचं, पेडलशिवाय. इथेच गाण्याची वळणं ठरवा, कुठे श्वास, कुठे जोर. मग नुसता मधला थर, पण सुटे स्वर न वाजवता प्रत्येक मात्रेचे स्वर एकत्र दाबून कॉर्ड म्हणून. बोटांना जागा कळते आणि कॉर्ड बदलताना कोणता एक स्वर सरकतो ते कानाला कळतं. त्यानंतर मधला थर लिहिलाय तसा, दोन हातांत वाटून, इतका हळू आवाजात की पट्टी दाबली की नाही असं वाटावं. एका हातातून दुसऱ्यात जाताना सांधा ऐकू येता कामा नये. आणि मग, हे कोणी करत नाही पण करा, मधला थर आणि खर्ज वाजवत वरचं गाणं तोंडाने म्हणा. सूर हलला तरी बेहत्तर. गळा जिथे फुगतो तिथेच करंगळीने वजन टाकायचं असतं. हे चारही जमले की सगळं एकत्र करा. पेडल खर्ज बदलेल तसा बदला, प्रत्येक बारला सरसकट नव्हे.

शेवटाकडे एक सावधगिरी. तुकडा संपताना ग्रीग सुरुवातीचीच ओळ पुन्हा आणतो आणि तिथेच सोडून देतो. लोक तिथे गाडी स्टेशनात शिरल्यासारखे मंद होत जातात. थोडंच थांबा आणि वाक्य अर्धवटच राहू द्या. १९०१च्या शेवटच्या वहीतला शेवटचा तुकडा, ओपस ७१ क्रमांक ७, हीच सुरावट तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये घेऊन येतो, चौतीस वर्षांनंतर. ‘अरिएत्ता’ बसल्यावर तो वाचून पाहा. बोटांना ओळख लगेच पटते.

पुढचा टप्पा पहिल्याच वहीत आहे. क्रमांक २चा ए मायनर वॉल्ट्झ डाव्या हाताला खर्ज-कॉर्ड-कॉर्ड ठेका शिकवतो. दुसरी आणि तिसरी मात्रा हलकी ठेवा, एवढंच. क्रमांक ३, ‘पहारेकऱ्याचं गाणं’, शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून सुचलेलं. सुरुवातीला दोन्ही हात एकच ओळ सप्तकाच्या अंतराने वाजवतात. तिथे दोन्ही हात एकदम पडतात का, हे फोनवर ध्वनिमुद्रण करून तपासा. वाजवताना ऐकू न आलेली फट फोन हमखास पकडतो.

दुसऱ्या वहीपासून नॉर्वेची नृत्यं अंगावर येऊ लागतात आणि इथे कागद अपुरा पडतो. हालिंग हे दोन मात्रांचं, उड्या मारत करायचं नृत्य, स्प्रिंगडान्स तीन मात्रांचा, गांगार चालत करायचा. ही नृत्यं हार्डांगर फिडलवर वाजतात. त्या वाद्यात गजाने वाजणाऱ्या तारांखाली सोबतीने गुंजणाऱ्या जादा तारा असतात, आपल्या सतारीच्या तरफांसारख्या. डाव्या हातात ग्रीग जो सा-प धरून बसतो, तो तिथला. हालिंग वाजवण्याआधी फिडलवरचा एखादा हालिंग ऐका, जमलं तर नाच पाहा. मग ते ॲक्सेंट कुठून आले ते पायाला कळतं, आणि तुकडा सरळसोट मेट्रोनोमवर वाजवण्याचा मोह सुटतो.

ग्रीगची आणखी एक खूण. वरच्या सा वरून नी आणि तिथून उडी मारून प: सा-नी-प. त्याच्या ए मायनर पियानो कॉन्चेर्टोची (पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनेची) सुरुवातच या तीन स्वरांनी होते, आणि ही वळणं लिरिक पीसेसमध्ये जागोजागी लपलेली आहेत. पेन्सिलीने गोल करत जा. सराव कंटाळवाणा झाला की हा खेळ बरा.

यानंतर मात्र क्रमाने जाऊ नका. ओपस ५४चा क्रमांक ४, ‘नॉक्टर्न’, सी मेजरमध्ये आहे म्हणून फसू नका. नऊ-आठच्या चालीत गाणं आणि साथ एकमेकांना टांग देत चालतात आणि मधले ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची झरझर अदलाबदल) पक्ष्यासारखे हलके यावे लागतात. पण मेहनत वसूल करणारा तुकडा. त्याच वहीतला क्रमांक ६, ‘घंटानाद’, बोटांना सोपा आणि कानाला विचित्र: पंचमांच्या जोड्या एकावर एक रचत जाणारा. तिथे पेडल लांब धरा आणि धुकं होऊ द्या. हा शिकवणाऱ्यांना फारसा आवडत नाही, मला फार आवडतो.

‘वसंतास’, ओपस ४३ क्रमांक ६, सगळ्यांना हवा असतो. एफ-शार्प मेजर, सहा शार्प, पाचही काळ्या पट्ट्या. पहिलं पान जमेल: उजव्या हातात वर हलके कॉर्ड, खाली डाव्या हातात गाणं. खरी परीक्षा गाणं परत येतं तेव्हा, कारण आता ते वर सप्तकांत येतं आणि खाली डावा हात लांबलांब पळतो. तेव्हा शेवटच्या पानापासून सुरुवात करा. ते बसत नसेल तर तुकडा पुढच्या वर्षावर टाका, पहिल्या पानाच्या मोहात पडू नका. ‘लग्नाचा दिवस’, ओपस ६५ क्रमांक ६, त्याच जातीचा. मधला शांत भाग कोणालाही जमतो, दोन्ही टोकं नाही. मी मधला भाग तेवढा वाजवते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

हात लहान असेल तर, माझा आहे, न पोचणारे कॉर्ड खालून वर झरकन विंचरा. खालचा स्वर मात्रेच्या किंचित आधी, वरचा मात्रेवर, आणि पेडल खालच्या स्वराबरोबर. आतला एखादा स्वर सोडलात तरी चालेल, पण वरचा आणि खालचा कधीच नाही. ग्रीग स्वतः बुटका, किडकिडीत होता. ट्रोल्डहाउगेनच्या आवारातल्या, रचना करायच्या झोपडीत पियानोसमोर उंची मिळावी म्हणून बीठोव्हनच्या सोनाटांचं पुस्तक बुडाखाली घ्यायचा. ते पुस्तक आजही तिथे दाखवतात.

एका वेळी दोनच तुकडे बसवायला घ्या: एक हातांना जड, एक कानांना. जुना बसलेला तुकडा आठवड्यातून एकदा, स्वरलिपी न पाहता. आणि ६६ पुरेसे वाचून झाले की ओपस ६६ उघडा, १८९६ सालची १९ नॉर्वेजियन लोकगीतं. बरीचशी एका पानाची, वर अगदी साधी चाल आणि खाली अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकत जाणारे असे कॉर्ड की एकेका मात्रेवर थांबून पुन्हा दाबून बघावंसं वाटतं. ते हळूच वाजवा, आणि पहिल्यांदा वाचताना कोणतंही ध्वनिमुद्रण ऐकू नका.